हजार ग्रॅमला एकशे चोपन्न

स्टोअरबाबूंनी टेबलावर रुमाल उलगडला आणि आतली साबणाची वडी पेन्सिलीच्या टोकाने पुढे ढकलली. तिला हात लावायची त्यांची तयारी नव्हती.

"ओळखता?"

डागताईने वडी बघितली. पिवळट रंग, भुसभुशीत कडा, वर पांढरी पावडर धरलेली. सुरीने कापताना एक कोपरा उडालेला. असली वडी तिच्या हातून झाली असती तर कुणाची नजर पडायच्या आधीच तिने ती नाहीशी केली असती.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"इस्त्रीघरातल्या तीन बायकांच्या हातांना फोड आलेत. तिघी एकच सांगतात, साबण डागताईंच्या घरचा. आता तुमच्या घरी दुसरं कोण करतं साबण?"

उत्तर डागताईच्या जिभेवर आलं होतं आणि ते तिला अजिबात आवडलं नव्हतं.

"शनिवारी अकरा वाजता मेट्रनबाईंच्या खोलीत," स्टोअरबाबू म्हणाले. "तोवर विचार करा. पुन्हा घरी साबण करणार नाही असा एक कागद तयार ठेवतोय. त्यावर सही केलीत की मिटलं. नाही केलीत तर डागटेबल विसरायचं."

इस्पितळाचा धुलाईखाना तळघरात होता. एका अंगाला चार अजस्र धुलाईयंत्रं, दुसऱ्या अंगाला वाळवणघर, पलीकडे इस्त्रीघर आणि घडीविभाग. मधोमध, दोन नळ आणि एक दिवा असलेलं दगडी टेबल, ते डागटेबल. वॉर्डातून आलेलं कापड आधी तिथे थांबायचं. रक्त, औषध, आयोडीन, चहा, शाई, आणि ज्यांची नावं जेवताना घेत नाहीत ते सगळे डाग हाताने काढून मगच कापड यंत्रात जायचं. एकोणीस वर्षं त्या टेबलापाशी एकच बाई उभी होती. डाग कशाचा आहे, कितव्या दिवसाचा आहे हे ती कापड हातात घेताच सांगायची, आणि कधीकधी पेशंट किती चिडका असेल तेही. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळ्यांची ती डागताई.

पण त्या टेबलाने तिचे हात खाल्ले. स्टोअरमधून येणारी पावडर डाग काढायची आणि त्याबरोबर कातडंही. रबरी हातमोजे महिन्यातून एक जोड मिळायचे आणि आठवड्यात फाटायचे. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या, भेगांतून रक्त यायला लागलं, आणि एकदा तिने स्वच्छ केलेल्या चादरीवर तिचाच नवा डाग पडला. ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी भिंग लावून हात बघितले, मलम लिहून दिलं आणि सांगितलं, "साबणापासून लांब राहा." धुलाईखान्यातल्या बाईला! मासे विकणारीला पाण्यापासून लांब राहा म्हणावं तसं. डागताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येताना ती वाचनालयात शिरली आणि साबण कसा करतात याचं एक जुनं पुस्तक घेऊन आली. लांब राहायचं नसेल तर निदान तो आपल्या मनासारखा असावा, एवढाच तिचा हिशेब होता.

त्यानंतर दर रविवारी दुपारी तिचं स्वयंपाकघर बंद व्हायचं. खिडक्या उघड्या, नाकावर फडकं, डोळ्यांवर नवऱ्याचा जुना चष्मा. काट्यावर कॉस्टिक सोडा तोलायचा, तो पाण्यात हळूहळू सोडायचा. पाणी सोड्यात नाही, सोडा पाण्यात. उलट केलं तर तो उसळून तोंडावर येतो. मग कोमट तेलात ते ओतायचं आणि खिरीसारखं दाट होईपर्यंत ढवळत बसायचं. नवरा शिंपी होता. तेवढा वेळ तो मशीन सोडून गॅलरीत जाऊन बसायचा. "तुझ्या त्या सोड्यापेक्षा तुझा राग बरा," तो म्हणायचा. "निदान खिडक्या उघडाव्या लागत नाहीत." पण वड्या कापायला लाकडी चौकटीत बारीक तार ताणून त्यानेच दिली होती, आणि ती इतकी सरळ होती की तिने कापलेली वडी उभी राहायची.

सगळं वहीत लिहिलेलं होतं. नंबर एक: घट्टच झाला नाही. नंबर दोन: खडू. नंबर तीन: शर्टाचा रंग गेला, डाग राहिला. नंबर सहा: फेस छान, वास ओल्या कुत्र्याचा. नंबर आठ: ह्यांना आवडला, म्हणजे वास जास्त झाला. आणि मग नंबर अकरा. खोबरेल सहाशे, शेंगदाणा तीनशे, एरंडेल शंभर. हजार ग्रॅम तेलाला कॉस्टिक एकशे चोपन्न, पाणी तीनशे वीस. चार आठवडे फळीवर. त्याच्यापुढे तिने फक्त एक शब्द लिहिला होता: हात.

कारण हात भरून आले होते. दोन महिन्यांत भेगा मिटल्या. डागटेबलाशेजारच्या बायकांनी ते बघितलं, आणि डागताईने एकेकीला एकेक वडी दिली. मग मागणी सुरू झाली. पावडर लागेल तिथेच लागायची. हात धुवायला सगळ्या अकरा नंबर वापरायला लागल्या. त्यात रंग नव्हता, सुगंध नव्हता, दिसायला तो रस्त्यावरच्या दगडासारखा होता. "थोडा गुलाबी कर ना," असं कुणी म्हटलं की डागताई म्हणायची, "गुलाबी हवा असेल तर दुकानात जा. माझा साबण असाच राहणार."

पाच जणींनी तिच्याकडे कृती मागितली. पाचवी तिची धाकटी जाऊ.

दोघी जावा एकाच घरात राहायच्या, मधे एक भिंत, दोन स्वयंपाकघरं. धाकटीलाही डागताईनेच इस्त्रीघरात चिकटवली होती, पण ती अजून कायम झाली नव्हती. धाकटीला सगळं पटकन यायचं. डागताई तीन दिवस डोकं खाजवून जे शिकायची ते धाकटी बघता बघता उचलायची, वर हसत सांगायची, "ताई, यात काय एवढं?" बावीस वर्षं हे 'यात काय एवढं' डागताईने ऐकलं होतं. विणकाम, केक, सायकल, सासूबाईंची मर्जी, सगळ्यात धाकटी पुढे. साबण तेवढा एकटीचा होता.

म्हणून कृती लिहून देताना तिने आकडे दिले, एक न एक, अगदी खरे. आणि एक गोष्ट लिहिली नाही. प्रत्येक तेल आपापल्या मापाने सोडा खातं. खोबरेल भरपूर खातं, सूर्यफुलाचं तेल बरंच कमी. तेल बदललं तर सोड्याचा आकडा बदलावा लागतो, नाहीतर उरलेला सोडा वडीत तसाच बसून राहतो आणि हाताला खातो. साबण करणाऱ्याला ठाऊक असायला हवी अशी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. ती डागताईने पाचही जणींना सांगितली नाही. विचारलं कुठे, असं तिने मनाशी म्हटलं. खरं कारण तिला तेव्हाही माहीत होतं.

आणि आता ती पिवळट वडी. सूर्यफुलाच्या तेलाचा साबण पिवळट होतो. त्या घरात सूर्यफुलाचं तेल एकाच स्वयंपाकघरात होतं.

संध्याकाळी कामावरून आल्यावर डागताईने चप्पलही न काढता भिंतीपलीकडचं दार ढकललं. धाकटी खुर्चीत बसली होती. तिच्या दोन्ही हातांवर ओली फडकी होती.

"ताई, ओरडायचं असेल तर ओरडा. पण आधी दार लावा."

"तेल कुठलं घातलंस?"

"सूर्यफूल. नऊशे ग्रॅम. एरंडेल तेवढं तुमच्या बाटलीतलं."

"आणि सोडा?"

"तुम्ही लिहिला होता तेवढाच. एकशे चोपन्न. तुमच्याच काट्यावर तोलला, तुम्ही भाजीला गेला होतात तेव्हा. एक ग्रॅम इकडेतिकडे नाही, शप्पथ! साचा पलंगाखाली ठेवला. मला तुम्हाला दाखवायचं होतं." तिचा आवाज चिरकला. "एकदा तरी तुम्ही म्हणायला हवं होतंत, बरा झालाय. म्हणून इस्त्रीघरात आधी वाटून बघितला. आमच्या घरचा आहे म्हटलं. दोन दिवसांत हात लाल झाले, तिसऱ्या दिवशी फोड."

"तेल बदललंस तर सोडा बदलायचा असतो, एवढं कळत नाही?"

"कसं कळणार?" धाकटी उभीच राहिली. "कागदावर होतं का? पुन्हा पुन्हा वाचला तो कागद मी. तेल ते तेलच ना, असंच वाटणार कुणालाही. मला सांगायला तुमचं काय जात होतं, ताई?"

भांडायला म्हणून आलेल्या डागताईला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने नजर जावेच्या हातांवरून हलवून पाण्याच्या पिंपावर नेली.

"माझं नाव सांगाल ना?" धाकटी हळूच म्हणाली. "सांगितलंत तर मला उद्याच घरी बसवतील. तुम्हाला कोण काढतंय?"

"गप्प बस," डागताई म्हणाली. "आणि ते फडकं बदल. थंड पाण्याचं घे."

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो काजं करत होता. सुई न थांबवता तो म्हणाला, "मग सही करून टाक. पुन्हा घरी साबण करणार नाही, एवढंच लिहायचंय ना? शनिवारी सही, रविवारी साबण. कोण येतंय आपली फळी तपासायला?"

"म्हणजे माझ्याच घरात मी चोरून साबण करू?"

"चोरून नाही गं. गुपचूप."

"अहो, मी काही वाईट केलं असेल तर ते उघड बोलेन. चांगलं केलं असेल तर तेही उघड करेन. गुपचूप एक गोष्ट केली, तिचे फोड चार बायकांच्या हातावर आलेत. आणखी नको."

नवऱ्याने सुई थांबवली आणि तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याला कुठे गप्प बसायचं ते नीट कळत होतं.

शनिवारी अकरा वाजता मेट्रनबाईंच्या खोलीत हातांना पट्ट्या बांधलेल्या चार बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. चौथी धाकटी. ती जमिनीकडे बघत होती. मेट्रनबाई खुर्चीत, स्टोअरबाबू बाजूला उभे. टेबलावर ती वडी आणि एक टाईप केलेला कागद.

स्टोअरबाबूंनी घसा खाकरून वाचलं. "मी घरगुती व अशास्त्रीय पद्धतीने बनवलेला साबण..."

"तो शब्द खोडा," डागताई म्हणाली.

"कुठला?"

"अशास्त्रीय."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे बघितलं. "खोडला तर सही करता?"

"नाही. पण आधी खोडा."

भिंतीकडून कुणीतरी खुदकन हसलं. स्टोअरबाबू लालेलाल झाले. "बघितलंत मॅडम? हा उद्धटपणा! चार बायका भाजल्यात, आणि यांना शब्दाची पडलीय."

"चार बायका भाजल्यात हे मला तुमच्यापेक्षा जास्त लागलंय," डागताई म्हणाली, आणि तिने पुढे होऊन ती वडी उचलली. स्टोअरबाबू एक पाऊल मागे सरकले. तिने जिभेचं टोक वडीला लावलं. सगळी खोली बघत राहिली. तिचा डोळा मिटला, खांदा उडाला, आणि तिने पदराने जीभ पुसली.

"झटका बसला," ती म्हणाली. "विजेच्या तारेचा बसावा तसा. साबण करणारे असंच बघतात. चांगल्या साबणाची नुसती तुरट चव लागते. झटका बसला म्हणजे आत सोडा मोकळा आहे. या वडीला तेल वेगळं आणि सोडा दुसऱ्याच तेलाचा पडलाय. हे अशास्त्रीय नाही, बाई. हे शास्त्र अर्धं कळल्यामुळे झालंय."

"कुणी केला हा?" मेट्रनबाईंनी विचारलं.

धाकटीने श्वास रोखला. डागताईला ते न बघताही कळलं.

"आकडे माझे होते."

"ते नाही विचारलं."

"मी तेच सांगणार आहे. पाच जणींनी माझ्याकडे कृती मागितली. मी पाचही जणींना आकडे दिले आणि तेल बदललं तर सोडा बदलतो हे सांगितलं नाही. विसरले नाही. मुद्दाम नाही सांगितलं." तिने वडी टेबलावर ठेवली. "माझ्याशिवाय कुणाला जमू नये असं मला वाटत होतं. एकाच गोष्टीत मी पुढे होते, ती मला सोडवेना. फोड त्याचे आलेत. साबणाचे नाहीत. पाचांतली कोण, ते मी सांगणार नाही. चूक माझी आहे, ती तिच्या नावावर घालायची नाही."

मग मेट्रनबाईंनी कागद पुढे सरकवला. त्या वाईट बाई नव्हत्या. पण तो कागद आता त्यांच्यासमोर होता आणि तो सहीशिवाय परत जाऊ द्यायचा नव्हता.

"मला हे बंद झालेलं हवंय. सही करा आणि टेबलावर परत जा. तुमच्यासारखे डाग दुसरं कुणी काढत नाही, हे मलाही माहीत आहे."

"सही नाही करणार."

"मग सोमवारपासून घडीविभाग. डागटेबलाला हात लावायचा नाही. आणि घरचा साबण या इमारतीत येणार नाही."

घडीविभाग म्हणजे आठ तास चादरीची टोकं जुळवत उभं राहायचं. तिथे नवीन भरती झालेल्यांना पाठवत. डागताईची तर डागटेबलापाशी गेली होती एकोणीस वर्षं!

"इमारत तुमची. नाही आणणार," ती म्हणाली. "पण घर माझं आहे. उद्या रविवार आहे, उद्या मी साबण करणार. आजच सांगून ठेवते, नंतर चोरून केला म्हणायला नको."

खाली तळघरात यंत्रं फिरत होती. डागताई सरळ खुणेच्या टेबलापाशी गेली. चादरींवर वॉर्डाचे नंबर घालायची काळी शाई आणि ब्रश तिथे असायचा. ती बाटली उचलून तिने हात धुवायच्या नळांवरच्या पांढऱ्या भिंतीकडे मोर्चा वळवला आणि स्टुलावर चढली. वीतभर उंचीची अक्षरं काढत तिने लिहायला घेतलं.

खोबरेल ६००, शेंगदाणा ३००, एरंडेल १००. कॉस्टिक १५४. पाणी ३२०. सोडा पाण्यात, पाणी सोड्यात नाही. चार आठवडे थांबा. जिभेला लावून बघा. आणि खाली, त्याहून मोठं: तेल बदललं तर सोडा बदला. मग एकेका तेलाचं नाव आणि शंभर ग्रॅमला ते किती सोडा खातं तो आकडा. तीन वर्षांची वही तिने भिंतीवर उतरवली. थोडं तेल मोकळं राहावं म्हणून शेवटी शेकडा सहा सोडा कमी करायचा, हेही लिहिलं. काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही.

बायका जमल्या. कुणी कपड्यांच्या चिठ्ठीमागे उतरवून घेत होती, कुणी तोंडाने घोकत होती. जिन्यावरून स्टोअरबाबू धावत आले.

"हे काय? पुसा! आत्ताच्या आत्ता पुसा!"

"खुणेची शाई आहे, साहेब," डागताई स्टुलावरूनच म्हणाली. "उकळत्या पाण्यात जात नाही म्हणून तर तुम्ही ही मागवता. मला काढता आली असती कदाचित. पण डाग काढायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय ना तुम्ही?"

यंत्रांच्या आवाजातही हशा ऐकू आला. स्टोअरबाबू मेट्रनबाईंना बोलवायला वळले, आणि तेवढ्यात मागून धाकटीचा आवाज आला. मोठा, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ताई, नऊशे सूर्यफूल आणि शंभर एरंडेल घेतलं तर? मी घेतलं होतं तसं?"

हशा थांबला. स्टोअरबाबू पायरीवर थांबले. हातांना पट्ट्या बांधलेल्या तिघी तिच्याकडे वळल्या, आणि त्यांतली एक म्हणाली, "म्हणजे तू?"

"मी," धाकटी म्हणाली. तिची हनुवटी वर होती.

डागताई स्टुलावरून उतरली आणि त्या तिघींच्या आणि जावेच्या मधे उभी राहिली. "तिने एकेक ग्रॅम बरोबर तोलला होता. मी तिला अर्धंच सांगितलं होतं. कुणाला काय बोलायचंय ते मला बोला. साहेब, तुम्हीसुद्धा. घडीविभागात जागा दोन असतील तर दोन्ही लिहा, आम्ही एकाच चादरीची टोकं धरू."

स्टोअरबाबू वर गेले. काय लिहायला गेले ते सोमवारी कळणार होतं.

"सूर्यफूल नऊशे, एरंडेल शंभर," डागताईने मनात गुणाकार केला. "एकशे पंचवीस."

"आणि मी एकशे चोपन्न घातला," धाकटी पुटपुटली.

"हो. आता घालणार नाहीस." तिने ब्रश शाईत बुडवला आणि जावेपुढे धरला. "लिही."

"माझे हात बघा ना, ताई."

"फोड आलेत. बोटं गेली नाहीत."

धाकटीने ब्रश दोन्ही हातांत धरला, स्टुलावर चढली आणि भिंतीच्या शेवटच्या मोकळ्या जागेत लिहिलं. अक्षर वाकडं आलं, शाईचे दोन ओघळ खाली आले, पण आकडा बरोबर होता.